ग्लॉसी घेऊ की घासलेली? रिइश्यू गिटारींचं फिनिश, बडोद्याच्या घामात तपासलेलं

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो: गिटारीची बॉडी ग्लॉसी, म्हणजे चकचकीत फिनिशची घ्या, नेकची (हातात धरायच्या लांब दांड्याची) चमक मात्र उतरवून टाका, आणि कारखान्यात मुद्दाम पाडलेल्या ओरखड्यांचे जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर हलक्या एजिंगपर्यंत (म्हणजे मुद्दाम जुनं दिसायला लावण्यापर्यंत) द्या, त्याच्यापुढे एक रुपया नाही. आता हे असं का, ते सविस्तर, कारण वरवर बघितलं तर प्रश्न दिसण्याचा वाटतो पण वाजवायला बसलं की भलतीकडेच जातो.

माझा आतेभाऊ न्यू जर्सीला असतो, डिसेंबरात घरी येतोय, आणि त्याने फोनवर विचारलं की तुझ्यासाठी स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार) आणायची तर चकचकीत आणू का ती जुनाट दिसणारी. बडोद्यात घरटी एक माणूस तिकडे असतोच, आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांच्या गिटारी अशाच कुणाच्या ना कुणाच्या सामानातून आल्यात, त्यामुळे हा प्रश्न काही माझ्या एकट्याचा नाही. मी नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, बाकी वर्षभर लग्नं, कॉलेजचे शो, कधी दांडिया बाजारच्या बाजूला जुन्या गाण्यांचा एखादा कार्यक्रम. म्हणजे गिटार कपाटात ठेवून बघत बसणाऱ्यांतला मी नाही, हे परीक्षण पण त्याच हिशोबाने वाचा.

गिटारी चार. एक माझी स्वतःची, स्क्वायर (फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) क्लासिक व्हाइब, साठच्या दशकाच्या धर्तीची स्ट्रॅट, पॉलीयुरेथेनचं जाड ग्लॉस. दुसरी आमच्या बासवाल्याची फेंडर रोड वॉर्न फिफ्टीज स्ट्रॅट, मेक्सिकोत बनलेली, कारखान्यातूनच घासून आलेली. तिसरी ओळखीतल्या एका कीबोर्डवाल्याच्या मुलाची, फेंडर अमेरिकन व्हिंटेज टू, १९६१ ची स्ट्रॅट, ऑलिम्पिक व्हाइट, अस्सल नायट्रो ग्लॉस. आणि चौथी अलकापुरीतल्या एका डॉक्टरसाहेबांची गिब्सन कस्टमची १९५९ लेस पॉल रिइश्यू, व्हीओएस फिनिशची; या फिनिशांच्या नावांचा अर्थ पुढे येतोच. डॉक्टरसाहेब वाजवतात कमी आणि पुसतात जास्त, पण माणूस दिलदार, मनसोक्त वाजवू दिली, वर चहा पण पाजला.

आता रिइश्यू म्हणजे काय ते माहीत असणाऱ्यांनी हा पॅरा सोडा. कंपनीनेच आपलं जुनं गाजलेलं मॉडेल त्याच मापांनी, तशाच पार्टांनी परत काढायचं. स्ट्रॅट आली १९५४ ला, लेस पॉल १९५२ ला, आणि ज्या सनबर्स्ट (मध्ये पिवळी, कडेला गडद होत जाणारी) लेस पॉलसाठी लोक आज घरं विकतील ती बनली फक्त १९५८ ते १९६० या काळात. पण गंमत अशी की जुन्या गिटारीची नक्कल करायची तर नेमकी कुठल्या दिवसाची करायची? १९६१ साली ती दुकानाच्या भिंतीवर कोरी करकरीत लटकत होती त्या दिवसाची, का साठ वर्षं बारमध्ये, व्हॅनमध्ये, सिगरेटच्या धुरात वाजून आज जशी दिसते तशी? ग्लॉसी रिइश्यू म्हणजे पहिलं उत्तर आणि एज्ड म्हणजे दुसरं. दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत, त्यामुळे जो कुणी म्हणतो की ग्लॉसी म्हणजे खोटी आणि रेलिक (मुद्दाम घासून जुनी केलेली) म्हणजे अस्सल, त्याला विचारा की बाबा, १९६१ ला ज्याने विकत घेतली त्याने घासलेली घेतली होती का?

दुसरा एक मोठा घोळ लोकांच्या डोक्यात असतो तो आधी मोकळा करू. ग्लॉसी म्हणजे पॉली आणि एज्ड म्हणजे नायट्रो असं काही नाहीये. ग्लॉस दोन तऱ्हेचं. माझ्या स्क्वायरवर आहे ते पॉली, कडक, जाड, नखाने टकटक केलं तर काचेच्या बरणीसारखा आवाज येतो, दहा वर्षांनी पण असंच दिसणार, आणि आपटली तर टवका उडणार, तो पण सरळ खालपर्यंत. अमेरिकन व्हिंटेज टूच्या १९६१ वर आहे ते नायट्रोसेल्युलोज लॅकर, आपले फर्निचरवाले ज्याला एनसी म्हणतात त्याच कुळातलं, पातळ, मऊ, बोटाला जरा कोमट लागतं असं मला तरी वाटतं, गिटारीची केस (पेटी) उघडली की आठवडे न आठवडे गोडसर थिनरसारखा वास येत राहतो. हे पिवळं पडतं, दबतं, घासलं जातं, थंडीत तडकतं. फेंडरने पन्नास-साठच्या दशकात रंगवायला ड्युपाँटचे गाड्यांचे रंगच वापरले, ड्युको आणि ल्युसाइट, आणि फिएस्टा रेड, ऑलिम्पिक व्हाइट, लेक प्लॅसिड ब्लू ही सगळी मुळात अमेरिकन गाड्यांच्या रंगांची नावं. १९६८ च्या आसपास कंपनी हळूहळू पॉलिएस्टरकडे सरकली, का तर लवकर सुकतं आणि टिकतं. म्हणजे नायट्रो हे काही तेव्हा कुणी सुरांसाठी निवडलेलं नव्हतं, गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळत होतं म्हणून होतं.

आता रोड वॉर्न. ही सिरीज फेंडरने २००९ ला काढली, अमेरिकेतल्या कस्टम शॉपच्या (फेंडरचा खास महागड्या गिटारींचा विभाग) महागड्या रेलिकची स्वस्त बहीण म्हणून. नायट्रो लॅकर, टेक्स-मेक्स पिकप (तारांचा आवाज पकडणारे मॅग्नेट), उंच अरुंद फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). बासवाल्याची टू-कलर सनबर्स्ट आहे. मी ती खिडकीजवळ नेऊन नीट बघितली. उजव्या कोपराखाली जिथे हात टेकतो तिथे लाकूड उघडं, पण त्या उघड्या जागेची कड बघा, रंग संपतो आणि लाकूड सुरू होतं ती रेघ जवळजवळ पायरीसारखी लागते बोटाला. खऱ्या घासलेल्या गिटारीवर तिथे रंग विरत विरत जातो, आधी वरचं पारदर्शक क्लिअर पातळ होतं, मग रंग फिकट, मग खालचा पिवळा, मग लाकूड. इथे सँडर फिरवून काम उरकलंय. मागे बेल्टच्या बकलचे ओरखडे आहेत ते सगळे एकाच दिशेचे, म्हणजे हा जो कोणी काल्पनिक गिटारवाला होता तो साठ वर्षं एका कोनात गिटार धरून उभा होता. आणि मेपलच्या फ्रेटबोर्डवर काळपट मळ पाडलाय तो पण फ्रेटाफ्रेटामध्ये कसा अगदी न्याय्य वाटणी केल्यासारखा. अजून एकदा कुणाच्या तरी हातात दुसरी रोड वॉर्न बघितली तर घासल्याच्या जागा जवळपास त्याच. जुळ्या भावांना एकाच जागी पडल्याची खूण.

एवढं बोललो पण आता खरं सांगतो, या चारांमध्ये रात्रभर वाजवायला सगळ्यात सुखाची गिटार हीच. का, तर नेक. नेकच्या मागे लॅकर जवळजवळ नाहीच, उघडं लाकूड म्हणा ना, सुकं, रेशमी, हात वर-खाली कुठे अडकत नाही.

हे महत्त्वाचं का, ते ज्याने बडोद्याचा गरबा वाजवलाय त्याला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. नवरात्र येतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस कधी गेलेला असतो कधी नसतो, ग्राउंडवर हजारो लोक गोल फिरतायत, अंगावर स्टेजचे लाइट, आणि इथे ब्रेक घेऊन गाणं बदलायची पद्धत नाही, गायक एकाला एक जोडत जातो, ढोल थांबत नाही, त्यामुळे गिटारवाल्याला हात पुसायला पण फुरसत मिळत नाही. माझ्या स्क्वायरचा नेक पिवळसर टिंट मारलेला ग्लॉस आहे, दुकानात हात फिरवला तर वाटतं काय मस्त, लोण्यासारखा. पण घामेजलेला तळवा ग्लॉसवर सरकत नाही, चिकटतो, चर्र आवाज करत सुटतो, आणि सातव्या फ्रेटवरून पंधराव्यावर उडी मारायची असली की अंगठा मागेच राहतो. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. अमेरिकन व्हिंटेज टूचा नेक पण ग्लॉस नायट्रोच, आणि तो नवा असताना तर पॉलीपेक्षा जास्त चिकटतो, कारण नायट्रो उष्णतेने आणि घामाने किंचित मऊ पडतं. दोन हजार डॉलरच्या पुढची गिटार, आणि उकाड्यात माझ्या स्क्वायरपेक्षा वाईट वागते! ज्या लोकांनी या ग्लॉस नेकची तारीफ करून ठेवलीय ते बहुतेक एसी खोलीत किंवा बर्फ पडतो अशा गावात वाजवत असावेत.

पण याच्यावर उपाय आहे आणि तो फुकटात जमा आहे. भांडी घासायचा हिरवा स्कॉचब्राइट नवीन कोरा घ्या, किंवा हार्डवेअरच्या दुकानातून दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर, हेडस्टॉक (नेकचं वरचं टोक) आणि हील (नेक बॉडीला जोडतो ती जागा) मास्किंग टेपने झाकून घ्या, आणि नेकच्या मागे लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, आडवं नाही, गोल गोल तर अजिबात नाही. चमक गेली की थांबा, लाकूड दिसेपर्यंत नाही. स्टील वूल वापरणार असाल तर पिकपवर टेप लावाच, नाहीतर ते बारीक लोखंडी कण मॅग्नेटला जाऊन चिकटतात आणि मग आयुष्यभर काढत बसा. माझी स्क्वायर अशी केली आणि खोटं नाही सांगत, रोड वॉर्नच्या सुखाचा मोठा हिस्सा तेवढ्यात मिळाला. तोटा एकच, वर्षा-दोन वर्षांत हाताने घासून घासून तो भाग परत चमकायला लागतो, की परत फिरवायचा.

म्हणजे एज्ड फिनिशमधली जी खरी कामाची गोष्ट आहे ती नेकच्या मागच्या बाजूला आहे, आणि पैसे आपण देतो पुढच्या बाजूचे.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. पातळ लॅकरमुळे लाकूड श्वास घेतं वगैरे जे बोलतात, ते अकूस्टिकच्या टॉपबद्दल बोला, मी ऐकून घेईन. सॉलिड बॉडी स्ट्रॅटला अँपमधून ऐकताना पिकप, तारा आणि हात यांचा फरक एवढा मोठा असतो की फिनिशचा फरक मला तरी कधी ऐकू आलेला नाही, आणि गरब्याच्या साउंडवाल्याला तर गिटार आहे का नाही हेच कधीकधी ऐकू येत नाही.

आता डॉक्टरांची लेस पॉल. व्हीओएस म्हणजे गिब्सनचं मधलं फिनिश: ओरखडा नाही, टवका नाही, पण चमक घालवलेली, हार्डवेअर मंद केलेलं, एकूण जणू गिटार वर्षानुवर्षं पेटीत पडून होती. फोटोत फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात त्यावर एक धुरकट थर असतो आणि तो हात घासला की निघतो. त्यामुळे झालंय काय की कोपराची जागा आणि पिकगार्डजवळची (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याजवळची) जागा आरशासारखी आणि बाकी सगळी धूसर, ठिपक्याठिपक्यांची. डॉक्टरांना ते आवडत नाही म्हणून ते बाकीची पण पुसत असतात, म्हणजे व्हीओएसचे पैसे देऊन हळूहळू ग्लॉस बनवतायत. मी म्हटलं, सर मग सरळ ग्लॉसच घ्यायची होती. तर म्हणाले, "अरे, हीच एक होती तेव्हा, दुसरी थांबून घेतली असती तर बायकोने विचार बदलला असता." यावर काय बोलणार.

पण त्या गिटारीमुळे एक गोष्ट नीट समजली, रंग उडणं म्हणजे काय. जुन्या सनबर्स्टमधला लाल रंग उन्हात टिकायचा नाही, त्यामुळे दुकानाच्या शोकेसमध्ये राहिलेल्या गिटारी चेरीवरून मधासारख्या, लिंबासारख्या, कोऱ्या चहासारख्या होत गेल्या, आणि १९६० मध्ये गिब्सनने न उडणारा लाल आणला तर त्या गिटारी आजही टोमॅटो सूपसारख्या लालभडक आहेत. आज लोक मोल देतात ते त्या उडालेल्या रंगाचं, म्हणजे तेव्हा ज्याला डिफेक्ट म्हटलं असतं त्याचं. आणि हा भाग मात्र रिइश्यूमध्ये कंपन्या फार सुंदर जमवतात असं माझं मत, कारण रंगाची छटा कारखान्यात पाडता येते, त्याला सँडर लागत नाही. तसंच पांढऱ्यावर पिवळट क्लिअर, पुदिना छाप पिकगार्ड, जुन्या हस्तिदंतासारखे नॉब. एवढं एजिंग मला चालतं, आवडतं. लबाडी वाटत नाही.

लबाडी सुरू होते ती ओरखड्यांपासून. आता याचा इतिहास थोडक्यात: फेंडरचं कस्टम शॉप सुरू झालं १९८७ ला आणि रेलिक गिटारी त्यांनी बाजारात आणल्या १९९५ ला, सुरुवातीच्या गिटारींची घासाघीस मिझुरीत बसून विन्स क्युनेटो नावाचा माणूस करायचा आणि त्याच्या हातच्या आता वेगळ्या शोधून घेतात लोक. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्ससाठी बनवलेल्या गिटारी फार नव्या दिसतायत, जरा आपटून आणा, असं त्याने सांगितलं आणि तिथून हे खूळ निघालं अशी एक गोष्ट सांगतात, खरी-खोटी देव जाणे. मग पायऱ्या आल्या: एनओएस म्हणजे कोरी, क्लोजेट क्लासिक म्हणजे कपाटात पडून जुनी झालेली, जर्नीमन म्हणजे वापरलेली पण जपलेली, मग रेलिक, मग हेवी रेलिक. गिब्सनकडे हेच जुनं दिसायला लावायचं काम करणारा टॉम मर्फी, ज्याच्या नावाने २०२१ पासून मर्फी लॅब चालते, तिथे अल्ट्रा लाइटपासून अल्ट्रा हेवीपर्यंत चार पायऱ्या. मर्फी लॅबचं वैशिष्ट्य असं की ते लॅकर असं बनवतात की ते थंडी-उष्णतेच्या फरकाने खरंच तडकतं, आधीच्या काळात ब्लेडने रेघा पाडायचे. हा फरक नखाने कळतो: ब्लेडची रेघ नखाला लागते आणि ती फार सरळ असते, खरी तडक कोळ्याच्या जाळ्यासारखी इकडेतिकडे जाते आणि उजेड तिरका धरल्याशिवाय दिसत पण नाही.

आपल्याकडे ती तडक तशी पडणं अवघडच. तिकडे गिटार बर्फातून हीटरच्या खोलीत येते, लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या वेगाने आकसतात, म्हणून तडकतं. बडोद्यात थंडी म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा. इथे गिटार जुनी होते ती वेगळ्या तऱ्हेने: ब्रिजचे स्क्रू गंजतात, सॅडल हिरवट पडतात, पावसाळ्यात नेक फुगतो आणि हिवाळ्यात सरळ होतो. जाता जाता सांगतो, अमेरिकन व्हिंटेज टूमध्ये ट्रस रॉडचा (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीचा) नट हीलला आहे, जुन्यासारखा, म्हणजे ऋतू बदलला की तारा ढिल्या करून नेक काढूनच अ‍ॅडजस्ट करायचा. अस्सलपणाची एवढी हौस मला नव्हती, पण आता आहे ते आहे. तर मुद्दा असा की मिशिगनच्या थंडीच्या तडका बडोद्यातल्या गिटारीवर म्हणजे जरा दुसऱ्याच्याच आठवणी झाल्या.

आणि घासली जाणं म्हणाल तर आपल्या घामाला कमी समजू नका. रॉरी गॅलघर या आयरिश गिटारवाल्याची १९६१ ची स्ट्रॅट, जिच्यावर रंग नावापुरता उरलेला, ती अशी झाली ती त्याच्या घामाने असं सगळे सांगतात, आणि तीच २०२४ ला लंडनच्या लिलावात आठ लाख पाउंडांच्या वर गेली. आयर्लंडच्या हवेत एका माणसाच्या घामाने हे होतं तर इथे नऊ रात्रींत काय होईल विचार करा. आमच्या कीबोर्डवाल्याच्या मुलाची ती पांढरी गिटार अजून नवीन आहे, पण कोपराच्या जागी आत्ताच एक मंदपणा आलाय, वरचा चमकदार थर बसलाय जरा. कुणी सांगितल्याशिवाय दिसणार नाही, पण तिरक्या उजेडात दिसतो, कडा नसलेला, विरत जाणारा. हे ज्याने एकदा बघितलं त्याला रोड वॉर्नची पायरी परत बघवत नाही.

तरी एज्डच्या बाजूने एक फार मोठी गोष्ट आहे आणि ती नाकारणं बरोबर होणार नाही: भीती जाते. नवीन ग्लॉसी गिटार घेतलेला माणूस म्हणजे नव्या स्कूटरच्या सीटवरचं प्लास्टिक न काढता वर्षभर फिरणारा माणूस. स्टेजवर चढताना गिटार पोटाशी धरतो, माइकच्या स्टँडपासून लांब उभा राहतो, ढोलवाला जवळ आला की मागे सरकतो, आणि पहिला टवका पडला की घरी येऊन जेवत नाही. बासवाला बघा, रोड वॉर्न टेंपोत कशीही टाकतो, सामानावर सामान, काही फिकीर नाही, कारण आधीच एवढ्या खुणा आहेत की नवीन कुठली ते त्याला स्वतःला सापडणार नाही. ज्याला रोज वाजवायचंय आणि जीव फार हळवा आहे त्याने खरंच रेलिक घ्यावी, पैसे वसूल आहेत. मी फक्त एवढंच म्हणतो की ही भीती पहिल्या टवक्यापर्यंतच असते. तो पडला की ग्लॉसीवाला पण मोकळा होतो, आणि तो टवका त्याचा स्वतःचा असतो, कुठे पडला, कुणाच्या लग्नात पडला, सगळं माहीत असतं.

घरच्यांचं पण बघावं लागतं. बासवाल्याने रोड वॉर्न पहिल्यांदा घरी आणली तेव्हा त्याची आजी बराच वेळ बघत होती आणि मग हळूच म्हणाली, "अरे, दुकानदाराने फसवलं वाटतं, बदलून आण." त्याने किंमत सांगितली नाही. आजतागायत सांगितलेली नाही. आपल्याकडे नवीन वस्तू आणली की तिला हळदी-कुंकू लावायचं, तिच्यावर स्वस्तिक काढायचं, आणि ती वस्तू दिसायला भंगारातली असली तर कुंकू कुठे लावायचं हाच प्रश्न पडतो. हसण्यावारी नेऊ नका, विकताना पण हेच होतं. परदेशात हलक्या एजिंगला मागणी असते, पण इथे ऑनलाइन जुनी विकायला काढली तर दहातले आठ फोन "भाऊ, एवढी घासलीय, अजून कमी करा ना" असेच येणार, कंपनीची खूण आणि तुमची खूण यातला फरक त्या माणसाला फोनवर कोण समजावणार.

एक सावधगिरीचा किस्सा. एका मोठ्या शहरातल्या दुकानात, नाव घेत नाही, एक घासलेली स्ट्रॅट "ओल्ड स्टॉक, ओरिजिनल व्हिंटेज" म्हणून दाखवत होते आणि भाव पण तसाच लावलेला. मी फक्त स्क्रू बघितले. पिकगार्डचे स्क्रू गंजलेले पण त्यांच्या खाचा एकदम तीक्ष्ण, एकदा पण स्क्रूड्रायव्हर लागलेला नाही. साठ वर्षांत कुणी पिकगार्ड उघडलंच नाही? आणि फ्रेट कोरे, एक खळगा नाही. बॉडी एवढी झिजली आणि फ्रेट झिजले नाहीत म्हणजे हा मनुष्य गिटार वाजवत नव्हता, नुसता मिठी मारून बसत होता. सीरियल नंबर विचारला तर विषय बदलला. तर रेलिक घेताना, विशेषतः वापरलेली, फ्रेट आणि स्क्रू आधी बघा, रंग नंतर.

नायट्रो घेणारच असाल तर, ग्लॉसी असो की एज्ड, सांभाळण्याच्या काही गोष्टी अशा आहेत ज्या दुकानदार सांगत नाही. स्वस्तातल्या स्टँडचं आणि भिंतीवरच्या हँगरचं जे रबर किंवा फोम असतं ते नायट्रोला खातं, महिनाभर टेकवून ठेवली की तिथे काळा चट्टा किंवा चिकट खळगा. जुन्या सुती धोतराचा तुकडा गुंडाळा, झालं काम. प्लास्टिकचा पट्टा, व्हिनाइलचा, तोच प्रकार, वाजवून झाल्यावर पट्टा गिटारीवर गुंडाळून केसमध्ये टाकू नका. आणि हे तर गरबावाल्यांनी पक्कं लक्षात ठेवा: ग्राउंडवर डास असतात म्हणून हाताला क्रीम चोळून स्टेजवर जाऊ नका, डास पळवायच्या क्रीममध्ये डीट नावाचं रसायन असेल तर ते लॅकर सरळ मऊ करतं, कोपराचा ठसा उठेल, आणि ते एजिंग कुठल्याही पायरीत बसत नाही. सॅनिटायझरचं अल्कोहोल पण तसंच. पॉलीला स्टँडच्या रबराने किंवा पट्ट्याने फारसं काही होत नाही, ही पॉलीची खरी जमेची बाजू, आणि म्हणून पहिली रिइश्यू घेणाऱ्याला मी क्लासिक व्हाइबच सांगतो, अमेरिकनच्या चौथाई किमतीच्या आसपास येते, नेक घासून घ्या, काळजी नावाची गोष्ट नाही.

नायट्रोची दुसरी बाजू अशी की ती दुरुस्त होते. नवा लॅकर जुन्यात विरघळून एक होतो, पॉलीवर नुसता थर बसतो आणि कड दिसत राहते. आपल्याकडे गाड्या रंगवणारे जुने गॅरेजवाले अजून एनसी रंग आणि थिनर ठेवतात, शेड पण डोळ्याने जुळवतात, पांढऱ्यावरचा टवका बुजवायला त्यांच्याइतका स्वस्त आणि चांगला माणूस नाही, फक्त "पूर्ण मारून देऊ का, नवीनसारखी करून देतो" असं तो म्हणाला की गिटार उचला आणि निघा.

तर आतेभावाला काय सांगितलं: अमेरिकन व्हिंटेज टू, १९६१, ऑलिम्पिक व्हाइट, ग्लॉस. कस्टम शॉपची जर्नीमन रेलिक मिळाली असती तर मी नाही म्हटलं नसतं, पण ती जवळपास दुप्पट पैशाची गोष्ट आणि त्यातलं मला हवं ते निम्मं मी पॉलिश पेपरने घरी करून घेईन. पांढराच का, तर नायट्रोखाली पांढरा पिवळा पडत जातो आणि ते होताना बघता येतं, सनबर्स्टवर एवढं कळत नाही. नवीन नेक आल्या आल्या घासणार नाहीये, नायट्रो पूर्ण सुकायला वेळ लागतो, पावसाळ्यापर्यंत वाजवणार आणि मग नवरात्राच्या आधी स्कॉचब्राइट.

त्याला अजून दोन सूचना दिल्यात. तारा अर्धा-एक सूर उतरवून ठेव, आणि घरी पोचल्यावर केस लगेच उघडू नकोस, बाहेरच्या थंडीतून आणि विमानाच्या पोटातून आलेलं नायट्रो आपल्या उबेत एकदम उघडलं तर तिथल्या तिथे तडकतं, रात्रभर बंदच राहू दे खोलीत. तर म्हणाला, "मग ते बरंच ना, मर्फी लॅब फुकटात."